भूर्ज ओळखायचं कसं आणि लावायचं कुठे

भूर्जपत्र हा शब्द आपल्याला ताइतामुळे किंवा पोथ्यांमुळे ठाऊक असतो. झाड बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. त्यात 'पत्र' म्हटल्यामुळे ते पान असावं असा समज होतो. ताडपत्र हे ताडाचं पान, हे खरं. भूर्जपत्र मात्र साल आहे, भूर्ज वृक्षाच्या खोडावरून सुटणारा कागदासारखा पापुद्रा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतल्या ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांची २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद झाली. त्यांतलं एक अशाच सालीवर, शारदा लिपीत लिहिलेलं आहे.

संस्कृतातलं भूर्ज, इंग्रजीतलं बर्च, जर्मनमधलं बिर्के हे तिन्ही शब्द एकाच मुळातून आलेले आहेत, आणि त्या मुळाचा अर्थ 'उजळणं, चकाकणं' असा लावतात. म्हणजे नाव पांढऱ्या सालीवरूनच पडलं. गंमत अशी, की झाड ओळखताना सर्वांत जास्त फसवतो तो हा पांढरा रंगच.

हिमालयातल्या भूर्जाचं शास्त्रीय नाव बेट्युला युटिलिस. युटिलिस म्हणजे उपयोगी. डेव्हिड डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञाने नेपाळमधल्या नमुन्यांवरून १८२५ साली हे नाव दिलं. काश्मीरपासून नेपाळच्या पश्चिम भागापर्यंत जे झाड आढळतं त्याची साल पांढरी. पूर्वेकडे सिक्कीम, भूतानच्या बाजूला गेलं की त्याच जातीची साल तांबूस, तपकिरी होत जाते. पांढऱ्या सालीच्या पश्चिमेकडच्या प्रकाराला जाकमाँटाय म्हणतात. हे नाव व्हिक्टर जाकमाँ या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकाचं. हिमालय आणि काश्मीर फिरून तो दक्षिणेकडे आला आणि डिसेंबर १८३२ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, मुंबईत वारला. आज लंडन, ॲमस्टरडॅम किंवा सिॲटलच्या बागांत जी चुन्याने रंगवल्यासारखी शुभ्र झाडं दिसतात, ती बहुतेक याच प्रकारातली.

पांढरेपणा कशाचा

सालीच्या सर्वांत बाहेरच्या मृत पेशींमध्ये बेट्युलिन नावाचा पदार्थ भरलेला असतो. त्याचे बारीक स्फटिक प्रकाश परतवतात, म्हणून साल पांढरी दिसते. बर्फाळ प्रदेशात याचा सरळ फायदा आहे. गडद साल हिवाळ्यातल्या उन्हाने दुपारी तापते, सूर्य मावळताच गोठते आणि तडकते. पांढरी साल तेवढी तापतच नाही.

बेट्युलिनमुळे सालीत पाणी शिरत नाही आणि बुरशीलाही ती सहज खाता येत नाही. जंगलात पडलेल्या भूर्जाचं लाकूड आतून कुजून भुसा झालेलं असतं, तरी सालीची नळी शाबूत राहते. काश्मिरी पोथ्या शतकानुशतकं टिकल्या त्याचं कारण हेच. ओली साल काडी लावताच काळा धूर सोडत पेटते, तेही याच तेलकट घटकांमुळे.

आता यातून निघणारी व्यवहारातली गोष्ट: ही साल जन्मतः पांढरी नसते. रोप पहिली काही वर्षं तांबूस-तपकिरी असतं. खोड साधारण मनगटाएवढं झालं की बाहेरचा तपकिरी थर फाटून खालचा पांढरा दिसू लागतो. 'पांढरं म्हणून आणलं आणि निघालं तपकिरी' ही तक्रार तीन वर्षांच्या रोपाबद्दल असेल, तर थांबायचं.

ओळख: खोड, पान, तुरा

खोडाजवळ जाऊन आधी आडव्या रेघा शोधा. भूर्जाच्या सालीवर एक-दोन सेंटिमीटरपासून बोटभर लांबीच्या, गडद, आडव्या तुटक रेघा असतात. कोणी पेन्सिलीने ओढाव्यात तशा. ही झाडाची श्वास घ्यायची छिद्रं. साल सुटते तीही आडवीच, खोडाभोवती पट्टीसारखी. सुटलेल्या पापुद्र्याची आतली बाजू फिकट गुलाबी किंवा तांबूस असते आणि रेघा त्याही बाजूला उमटलेल्या दिसतात. एवढं जुळलं तर शक्यता बरीच वाढली, पण खात्री नाही, कारण चेरीच्या कुळातल्या रानझाडांच्या सालीवरही अशाच आडव्या रेघा असतात.

म्हणून पान बघायचं. भूर्जाचं पान एकाआड एक येतं, अंडाकृती, टोकदार, पाच ते दहा सेंटिमीटर लांब. कडेला दातेरी नक्षी असते आणि मोठ्या दातावर पुन्हा लहान दात असतात. मधल्या शिरेच्या एका बाजूला किती उपशिरा आहेत ते मोजा: पांढऱ्या सालीच्या प्रकारात साधारण सात ते नऊ, पूर्वेकडच्या तांबूस सालीच्या प्रकारात दहा ते चौदा. चेरीच्या पानाच्या देठावर, पात्याजवळ, दोन बारीक गाठी असतात. भूर्जाला त्या नसतात. अंगठा फिरवला की कळतं.

पक्का पुरावा तुऱ्यांचा. एकाच झाडावर नर आणि मादी, दोन्ही फुलोरे वेगवेगळे येतात. नर तुरे शरदातच तयार होतात, हिवाळाभर फांदीच्या टोकाला कडक काडीसारखे उघडे राहतात आणि वसंतात लांबून पिवळा पराग सोडतात. मादी फुलोऱ्याचं पुढे करंगळीएवढं कणीस होतं. पिकलेलं कणीस बोटांत चुरडलं की त्याचा भुगा होतो. त्यात दोन गोष्टी सापडतात, तीन पाकळ्यांच्या आकाराचे बारीक खवले आणि दोन पंखांचं इवलंसं बी. कणीस चुरडलं गेलं नाही, छोट्या लाकडी शंकूसारखं झाडावरच वर्षभर टिकलं, तर ते भूर्जाचं भावंड अल्डर आहे.

हिमालयात उंचीही मदत करते. ३,००० मीटरच्या वर, जिथे देवदार आणि फर विरळ होतात आणि पुढे नुसतं गवत लागतं, त्या वृक्षरेषेवर भूर्ज उभा असतो. गंगोत्रीहून गोमुखाकडे जाताना लागणारं भोजबासा, साधारण ३,८०० मीटरवरचं, याच झाडाच्या 'भोज' या हिंदी नावावरून ओळखलं जातं. तिथला भूर्ज बागेतल्या फोटोसारखा सरळसोट नसतो. दर हिवाळ्यात उतारावरचा बर्फ रोपाला खाली दाबतो आणि रोप पुन्हा वर वळतं. त्यामुळे बुंधा कोयत्यासारखा वाकतो आणि एका बुंध्यातून चार-पाच खोडं निघतात. उत्तराकडे तोंड केलेल्या, बर्फ उशिरापर्यंत टिकणाऱ्या उतारांवर तो जास्त दिसतो. ही बाब लागवडीच्या वेळी पुन्हा लागणार आहे.

खाली, १,२०० ते २,५०० मीटरच्या पट्ट्यात, याच कुळातलं बेट्युला अल्नॉइडिस भेटतं. त्याची साल तपकिरी, आणि कणसं बरीच लांब, दोन-चार एकत्र लोंबणारी. तेही भूर्जच, पण पांढरं नव्हे.

फसवी झाडं

सह्याद्रीत आणि विदर्भात 'पांढरं खोड' म्हणून ज्याचा फोटो सर्वाधिक काढला जातो ते पांढरूख, म्हणजेच कांडोळ. उन्हाळ्यात पानं गळून गेलेली, खडकावर भुतासारखं उभं. त्याची सालही कागदासारखी सुटते. पण साल गुळगुळीत असते, तिच्यावर आडव्या तुटक रेघांची ओळ नसते. पान तळहाताएवढं, पाच कोनांचं. फळं लाल, खाजरी, चांदणीसारखी. भूर्जाशी त्याचं दूरचंही नातं नाही.

शहरातल्या बागांत कायापुटी हे ऑस्ट्रेलियाकडचं झाड लावलेलं असतं. त्याची पांढरट साल जाड, स्पंजासारखी दबणारी, अनेक मऊ थरांची. तिचा तुकडा भूर्जपत्र म्हणून सहज खपेल असा दिसतो. पान चुरडून वास घ्या. कापरासारखा, निलगिरीच्या जवळचा झणझणीत वास आला की विषय संपला. नुसत्या सालीचा तुकडाच हातात असेल तर पुन्हा तेच, आडव्या रेघा शोधा. रेघा नाहीत तर भूर्जपत्र नाही.

परदेशात गोंधळ वेगळा असतो. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात सगळी डोंगरउतरण पांढऱ्या खोडांनी भरलेली दिसते ती बहुधा ॲस्पेन. त्याची साल सुटत नाही. हात फिरवला तर खडूसारखी पांढरी पूड लागते. तुटलेल्या फांद्यांचे व्रण डोळ्यांसारखे दिसतात, आणि पानाचा देठ चपटा असल्याने वाऱ्याच्या झुळकीतही पानं थरथरतात. आपल्या पिंपळासारखी.

ब्रिटन-युरोपात रस्तोरस्ती असतं ते सिल्व्हर बर्च. बुंध्याशी साल काळी, खडबडीत, चौकटींत तडकलेली. बारीक फांद्या लोंबत्या, हाताला खरखरीत. पान जवळजवळ त्रिकोणी. हिमालयी भूर्जाची साल बुंध्यापर्यंत बरीच स्वच्छ राहते आणि फांद्या वर उचललेल्या असतात. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातलं पेपर बर्च मोठ्या पापुद्र्यांत सुटतं. तिथल्या आदिवासींच्या होड्या याच सालीच्या. ग्रे बर्चची साल मात्र पांढरी असून सुटत नाही आणि प्रत्येक फांदीखाली काळी, मिशीसारखी खूण असते.

महाराष्ट्रात लावू नका

'भोजपत्राचं रोप, घरपोच' अशा जाहिराती दिसतात. पुणे, नाशिक सोडाच, महाबळेश्वरलाही पैसे घालवू नयेत. कारण नुसता उकाडा नाही. भूर्जाला हिवाळ्याची झोप लागते. पानं गाळून, कळ्या मिटून झाड कित्येक आठवडे शून्याच्या आसपासच्या थंडीत राहिलं, तरच वसंतात कळ्या एकदम आणि नीट फुटतात. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की आपल्याकडे वर्तमानपत्रात फोटो येतो. भूर्जाला तसली थंडी महिनोन्‌महिने हवी. ती न मिळाल्यास कळ्या अर्धवट, मागेपुढे फुटतात आणि झाड वर्षागणिक खंगत जातं.

दुसरं कारण मुळांचं. भूर्जाची मुळं उथळ, तंतुमय आणि वरच्या गार, ओलसर थरात पसरलेली असतात. वरचं झाड भरपूर ऊन मागतं, मुळं मात्र सावली आणि गारवा. डोकं उन्हात, पाय गारव्यात, असं म्हणा हवं तर. एप्रिलमधली दख्खनची माती ही मुळं भाजून काढते. एसीच्या खोलीत कुंडी ठेवून हे साधत नाही, कारण तिथे ना थंडी पुरत ना ऊन.

मग ही लागवड कोणासाठी? उत्तराखंड, हिमाचल, काश्मीरमध्ये २,००० मीटरच्या वर जमीन किंवा होमस्टे असलेल्यांसाठी, आणि ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स, कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग इथे अंगण असलेल्या मराठी घरांसाठी. अमेरिकेतल्यांनी मात्र पुढचा खोडकिड्याचा भाग वाचून मगच रोप घ्यावं.

रोप घेताना

पांढरी शुभ्र साल हवी असेल तर कलमी रोप घ्या. भूर्जाच्या जाती एकमेकींशी सहज संकरित होतात. बागेत शेजारी सिल्व्हर बर्च असेल तर तुमच्या पांढऱ्या झाडाच्या बियांतून मळकट, करड्या सालीची रोपं निघू शकतात. डोरेनबॉस, जर्मिन्स, ग्रेसवुड घोस्ट, सिल्व्हर शॅडो ही नावं असलेली रोपं निवडलेल्या झाडांपासून वाढवलेली असतात, त्यामुळे सालीचा रंग भरवशाचा. ती बहुधा सिल्व्हर बर्चच्या खुंटावर कलम केलेली असतात. कलमाच्या सांध्याखालून येणारे फुटवे खुंटाचे. ते दिसताच काढायचे.

उंच रोप घेण्याचा मोह टाळा. तीन मीटरचं झाड लावलं की दोन वर्षं ते नुसतं जगायची धडपड करतं. ६० ते १२० सेंटिमीटरचं लहान रोप मुळं पटकन पसरतं आणि चार-पाच वर्षांत त्याला गाठतं. कुंडीतलं असेल तर कुंडी काढून बघा. मुळं कडेने गोल फिरून दोरखंडासारखी जाड झाली असतील तर ते ठेवून द्या, दुसरं बघा. उघड्या मुळांचं रोप स्वस्त आणि चांगलं असतं, पण तंतुमुळं वाऱ्यावर थोड्याच वेळात सुकतात. गाडीतून उतरवल्यापासून खड्ड्यात जाईपर्यंत ओल्या गोणपाटात ठेवा.

आणखी एक. उत्तर युरोपात एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या परागज्वराचं भूर्ज हे मोठं कारण आहे. घरात कोणाला त्या दिवसांत शिंका, डोळे चोळणं, किंवा कच्चं सफरचंद खाल्ल्यावर ओठाला खाज असा त्रास असेल, तर हे झाड झोपायच्या खिडकीशी नको.

बियांपासून

पहाडात स्थानिक भूर्जच पुन्हा लावायचा असेल तर बीच योग्य, कारण तिथल्या थंडीला जुळलेलं रोप तिथल्याच बियांतून मिळतं. गंगोत्रीच्या परिसरात गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी १९९०च्या दशकात उंचावर रोपवाटिका उभारून भोजबासाला भूर्जाची लागवड केली, तीही उजाड झालेल्या जागी. राष्ट्रीय उद्यानातून किंवा राखीव जंगलातून बी गोळा करायला वनखात्याची परवानगी लागते.

कणसं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हिरव्याची तपकिरी होतात. पूर्ण सुटण्याच्या आधी, चिमटीत धरल्यावर जेमतेम फुटतील अशी असताना तोडा. कागदावर पसरून चार-पाच दिवस सावलीत वाळवा, चुरडा. बी इतकं हलकं की फुंकरीने उडतं; एका ग्रॅममध्ये हजाराहून जास्त. पण त्यातलं बरंचसं पोकळ असतं. भूर्जाला स्वतःचा पराग चालत नाही, त्यामुळे एकट्या उभ्या झाडाखाली पोत्याने बी पडलं तरी रुजतं थोडं. चार-पाच झाडांच्या समूहातून बी घ्या आणि पेरताना दाट पेरा.

थंडी देण्यासाठी बी एक दिवस पाण्यात भिजवा, निथळा, दमट वाळूत मिसळून पिशवीत भरा आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ३ ते ५ अंशांवर, सहा ते आठ आठवडे ठेवा. वाळू मुठीत दाबली तर पाणी गळू नये, इतकीच ओल. पहाडात असाल तर हा खटाटोप नको: ऑक्टोबरअखेर वाफ्यात पेरा, बर्फ आपलं काम करतो.

पेरणीत बहुतेकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी. बी मातीने झाकतात. भूर्जाच्या बियाला रुजायला उजेड लागतो. पानखत दोन भाग, जाड वाळू एक भाग, बागेची आम्लधर्मी माती एक भाग असं मिश्रण ट्रेमध्ये भरा, फळीने दाबून सपाट करा, वर बी पसरा आणि पुन्हा हलकेच दाबा. झाकायचंच तर बी दिसत राहील इतकी चिमूटभर बारीक वाळू. पाणी वरून झारीने घालू नका, बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. ट्रे पाण्यात ठेवून खालून शोषू द्या. १८ ते २० अंशांत दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसतात.

कोंब टाचणीएवढे असताना दोन शत्रू: दुपारचं ऊन आणि मर रोग. काच किंवा प्लास्टिक झाकलं असेल तर कोंब येताच काढा, हवा खेळू द्या, दुपारी पातळ जाळी धरा. खरी पानं दोन-तीन आली की पानाला धरून (खोडाला नव्हे) एकेक रोप पिशवीत हलवा. शक्य असेल तर पिशवीच्या मातीत मोठ्या भूर्जाखालची मूठभर माती मिसळा. भूर्जाची मुळं काही भूछत्रांच्या बुरशीशी भागीदारी करतात: बुरशी पाणी आणि फॉस्फरस आणून देते, झाड साखर देतं. पांढऱ्या ठिपक्यांचं लाल भूछत्र भूर्जाखाली उगवतं ते या भागीदारीतलंच. विषारी आहे, पोरांना लांब ठेवा. पण झाडाला त्यापासून काही धोका नाही.

काडीपासूनही रोप होतं, उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या कोवळ्या काड्यांना मुळं फुटतात. अडचण नंतरची आहे. मुळं फुटलेली काडी पहिल्या हिवाळ्यात बऱ्याचदा मरते. ती वाचवायची असेल तर पुढच्या वसंतात नवी पानं येईपर्यंत तिला कुंडीतून हलवू नका.

लावणी

वेळ: पानं गळल्यापासून कळ्या फुगेपर्यंत, जमीन गोठलेली नसताना. जागा: ऊन भरपूर, पण मुळांवर गारवा. घराच्या उत्तर किंवा पूर्वेची बाजू चांगली. दक्षिण-पश्चिमेची तापणारी भिंत आणि डांबरी आवार वाईट. भिंतीपासून सहा-आठ मीटर सोडा, पूर्ण वाढलेलं झाड बारा ते अठरा मीटर जातं. सामू (पीएच) ५ ते ६.५ असलेली माती उत्तम. चुनखडीच्या जमिनीत पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. तो लोहाचा अभाव, आणि युरिया घालून तो जात नाही.

खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोलीला गड्ड्याएवढाच. खोल खणून खत भरलं तर माती पुढे बसते आणि झाड खाली जातं. खोड जिथे रुंदावून मुळांत शिरतं तो भाग जमिनीच्या पातळीवर दिसलाच पाहिजे. तो दोन इंच गाडला गेला तरी साल कुजते, आणि झाड मरतं ते सहा-सात वर्षांनी, त्यामुळे लावणीचा दोष कुणाच्या लक्षातच येत नाही. खणलेली मातीच परत भरा, खत नको. बुंध्याभोवती मीटरभर त्रिज्येत गवत काढून लाकडाच्या भुग्याचं किंवा पालापाचोळ्याचं सात ते दहा सेंटिमीटर आच्छादन घाला. खोडाला मात्र ते चिकटू देऊ नका, वीतभर जागा मोकळी. हे आच्छादन म्हणजे जंगलातल्या पाचोळ्याची नक्कल. लागवडीतली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

अनेक खोडांचं झुबकेदार झाड हवं असेल तर तीन रोपं तीस सेंटिमीटर अंतराने लावा. रोप बुंध्याशी छाटून फुटवे आणायची पद्धतही आहे, पण ती बियांच्या रोपासाठी. कलमी रोप सांध्याखाली छाटलंत तर वर येईल तो खुंट.

पाणी आणि छाटणी

पहिले तीन उन्हाळे आठवड्याला वीस ते चाळीस लिटर, एकदाच आणि सावकाश, माती वीतभर खोल भिजेल असं. रोज शिंपडलेलं पाणी मुळांना आणखी वर आणतं. तहानलेला भूर्ज वाळत नाही, आधी पानं टाकतो. जुलै-ऑगस्टमध्ये आतली पानं पिवळी होऊन गळू लागली तर तो शरद नव्हे, तहान आहे.

फेब्रुवारी ते मे फांदी कापली तर कापल्या जागेतून रस नळासारखा गळतो. झाड त्याने सहसा मरत नाही, पण पाहवत नाही. ब्रिटन-युरोपात उन्हाळ्याच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत छाटा. उत्तर अमेरिकेत शरदात, कारण मे ते जुलैमधला ताजा घाव खोडकिड्याला बोलावणं धाडतो. फांदी अंगठ्याएवढी असतानाच काढा. भूर्ज मोठे घाव नीट भरू शकत नाही, पाच सेंटिमीटरच्या वरचा घाव आत कुजत जातो. रंग किंवा डांबर फासून उपयोग नाही.

शेंडा वाळू लागला तर

उत्तर अमेरिकेत पहिला संशय ब्राँझ बर्च बोअररवर. हा तांबूस झाक असलेला लहान भुंगा सालीच्या भेगांत अंडी घालतो. अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पाडतात आणि झाडाचं अन्नपाणी तोडतात. म्हणून झाड शेंड्याकडून वाळत येतं. सालीवर इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराची तीन-चार मिलिमीटरची भोकं आणि सालीखाली उंचवट्याच्या रेघा ही त्याची सही. हा किडा तिथला मूळचा. तिथल्या भूर्जांनी त्याच्याशी जुळवून घेतलं आहे, आशिया-युरोपातल्या भूर्जांनी त्याला कधी पाहिलेलंच नाही. ओहायोतल्या वीस वर्षांच्या लागवड-प्रयोगात युरोप-आशियातल्या जातींची सगळी झाडं आठ वर्षांत मेली, तिथलं रिव्हर बर्च जवळजवळ सगळं टिकलं. जाकमाँटायही त्या किड्याला फार बळी पडतो. तेव्हा ओहायो, मिशिगन, न्यू जर्सी भागात राहणाऱ्यांनी हिमालयाची आठवण थोडी बाजूला ठेवून रिव्हर बर्चचा हेरिटेज हा प्रकार लावावा. साल शुभ्र नाही, फिकट गुलाबी-मलई रंगाची, पण झाड उभं राहतं. आधीच झाड असेल आणि निम्म्याहून कमी वाळलं असेल तर परवानाधारक वृक्षतज्ज्ञाला बोलवा. त्यापुढे औषध आत पोहोचतच नाही.

बाकी दुखणी किरकोळ. पानाखाली उन्हाळ्याच्या शेवटी नारिंगी पूड म्हणजे तांबेरा. गळलेली पानं उचलून टाका. खाली उभ्या गाडीवर चिकट थेंब म्हणजे वर मावा आहे. त्रास झाडाला कमी, गाडीवाल्याला जास्त. फांद्यांत घरट्यासारखे काटक्यांचे झुबके दिसले तर ती एक बुरशी, तिला हात लावायची गरज नाही.

खोडाभोवती दोरी, तार किंवा गवत कापायच्या यंत्राचा फटका मात्र जीवघेणा. पांढऱ्या पापुद्र्यांखालचा हिरवट-तपकिरी जिवंत थर सगळीकडून तुटला की मुळांना अन्न जाणं बंद होतं. साल हाताने सोलण्याचंही तेच: आपोआप सुटलेला पापुद्रा उचलायला हरकत नाही, ओढून काढला तर तिथे कायमचा काळा पट्टा राहतो. खोड हिरवट, शेवाळलेलं दिसत असेल तर हिवाळ्यात साधं पाणी आणि मऊ स्पंज, बस. साबण नको, तारेचा ब्रश नको, प्रेशरचा पाइप तर नकोच.

आणि महाराष्ट्रातच पांढरं खोड हवं असेल तर पांढरूख लावा. एप्रिल-मेमध्ये त्याची लाल फळं उकलतात. हातमोजे घालूनच बी काढा, वरची कुसं बोटांत घुसतात. ताजं बी पावसाळ्याच्या तोंडावर खोल पिशवीत लावा, कारण रोप खाली गाजरासारखं जाड मूळ धरतं. पुढच्या जूनमध्ये पाणी न साचणाऱ्या मुरमाड, खडकाळ उतारावर पाच-सहा मीटरवर एक लावा. दुसऱ्या वर्षापासून त्याला पाणी घालू नका, साचलेल्या ओलीनेच ते मरतं.